सुनेची सुट्टी

लोणावळ्याच्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर अमृता आजारी वडिलांसाठी थांबली होती. शेजारी आंदर मावळातल्या सासू-सुनेची जुंपली होती. अमृताचे कान तिकडेच लागले होते.

"दोन बरगड्या मोडल्यास की गं सासऱ्याच्या! शुद्धीवर आल्यापासनं ह्ये नुसतं कन्हत्यात. छातीवर एवढं दाबायचं?"

"जोरातच दाबायचं असतंय, आत्या. काळीज बंद पडलं व्हतं त्यांचं."

"लोक कांदा हुंगवत व्हते की."

"कांद्यानं न्हाई काळीज चालू व्हत. आमच्या हॉटेलात शिकवलंय ना, पावण्यांसाठी. तितं भिंतीला काळजाला शॉक द्यायचं मशीन पन हाय."

"आन आपल्या वाडीत?"

"वाडीत मी."

"ती ॲम्ब्युलन्स तर खाली पुलापाशीच थांबली. वर रस्ताच न्हाई. तवर तू एकटीच दाबत व्हतीस."

"आज माझी सुट्टी व्हती म्हनून, आत्या."

"आन उद्या कामावर गेलीस म्हंजी?"



सासूनं मांडीवरचं बोचकं फरशीवर ठेवलं आणि त्याच्यापुढं गुडघे टेकले.

"हात कुटं ठिवायचा? दाव मला."

"मावशी, जरा सरका," म्हणत अमृताही खाली बसली.