विमानाला काकडा

...आणि वर सर मलाच म्हणतात, "शैलजा, शेपूट घट्ट धर, उडून जाईल!" आता तुम्हीच सांगा, जे विमान पाऊण तास जागचं फुरफुरलंसुद्धा नाही, ते माझ्या हातातून उडून जाणार कुठे? पण मी तसं बोलले नाही. मी वेळेवर काही बोलतच नाही, आणि त्याचं काय झालं ते येईलच पुढे.

तर सव्वीस जानेवारी, सकाळचे आठ. आमच्या धामणगाव बढ्याच्या शाळेचं पटांगण, झेंडावंदन झालेलं, गाव कानांना मफलर नाहीतर पदर गुंडाळून उभं, आणि मधोमध आमचे सायन्सचे रमाकांत सर गुडघ्यांवर बसलेले. समोर विमान. तुम्हाला सांगते, चावीचं खेळणं नव्हे! बांबूच्या कामट्या, वर पातळ कागद, आणि नाकात लिंबाएवढं खरं इंजिन. सरांचे मेहुणे हवाई दलात आहेत, त्यांनी पाठवलेलं. दोन लांब तारा हातात धरून माणसाने मध्ये उभं राहायचं आणि विमानाने त्याच्याभोवती घिरट्या घालायच्या... म्हणजे असं ठरलेलं होतं.

या इंजिनाला किल्ली नाही की बटण नाही. त्याच्या डोक्यात एक बारीक तार, तिला बॅटरी जोडली की ती लाल होते, मग समोरचा पंखा बोटाने झटकायचा, की आतलं तेल पेट घेतं. दिवाळीत सरांच्या अंगणात पहिल्याच झटक्याला चालू झालं होतं. पण दिवाळी वेगळी आणि जानेवारी वेगळा, हे इंजिनाला कळतं, माणसांना कळत नाही!

सरांनी पंखा झटकला. टुक. पुन्हा झटकला. टुक. सर वर बघून हसले. "थंडी आहे, दुसरं काही नाही."

हसणं भाग होतं हो. हेडमास्तरांची अटच तशी होती. "रमाकांतराव, पाहुण्यांसमोर उडालं, तर शनिवारचा टकळीचा तास तुमच्या विमानाला देतो, मुलींनासुद्धा. नाही उडालं, तर सूत काता." आणि मुलींमध्ये तारा धरायचा पहिला नंबर कोणाचा? माझा. माझं सूत टकळीवर वीतभर झालं की तुटतं, तीन वर्षं तुटतंय, म्हणून त्या टुक-टुककडे मी जितक्या जिवाच्या आकांताने बघत होते, तितक्या आकांताने सरसुद्धा बघत नसतील.

बरं, थंडीत बॅटरी मंदावते. म्हणून सरांनी ती स्वेटरच्या आत काखेत धरली, तिथून वायर बाहेर, एक हात अंगाशी चिकटलेला आणि दुसऱ्याने झटकताहेत... टुक! तेवढ्यात पंखा उलटा फिरला आणि बोटावर असा बसला म्हणता! सरांनी बोट तोंडात घातलं, रुमाल गुंडाळला आणि त्या बोटालाच समजावल्यासारखं म्हणाले, "थंडी आहे, दुसरं काही नाही."

शाळेत पाणी भरणाऱ्या अंबूबाई पुढे आल्या. "मास्तर, काय पाजलं याले?"

"तीन भाग स्पिरिट, एक भाग एरंडेल."

"एरंडेल? आन् थे पण उपाशीपोटी? मंग थो उडन कायले बाप्पा, परसाकडंच जाईन!"

सगळं पटांगण हसलं. मी मान खाली घालून शेपूट धरलं. एरंडेल गारठून मधासारखं घट्ट झालं होतं, म्हणून सरांनी इंजिनाच्या तोंडात वरून नुसतं स्पिरिट सोडलं. दोन थेंब. मग चार. मग थेंब मोजायचं सोडून दिलं. ते आता इंजिनावरून ओघळून पंखांच्या कागदावर पसरत होतं. मला दिसत होतं. बोलले का मी? नाही.

पाहुणे म्हणजे पंचायत समितीचे सभापती गुलाबराव. त्यांना अजून दोन गावं करायची होती. "काऊन बे कडूबा, हे काऊन चालू होऊन नाही राह्यलं?"

कडूबा मिस्त्री म्हणजे आमच्या भागातल्या विहिरींवरच्या सगळ्या डिझेल इंजिनांचा वैद्य. तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "मालक, हिरीवरलं इंजन थंडीत अडलं का आपून काय करतो? काकडा दावतो!"

काकडा म्हणजे काठीला चिंधी गुंडाळायची, रॉकेलमध्ये बुडवायची, पेटवायची आणि इंजिन जिथून हवा ओढतं तिथे धरायची. विहिरीवरचं इंजिन बैलाएवढं असतं हो! हे लिंबाएवढं! सर म्हणाले, "अहो, नको नको..." पण हेडमास्तर म्हणाले, "दाखवू द्या, पाहुणे थांबलेत." आणि कडूबाने काकडा दाखवला.

फक्! एवढाच आवाज आला. ज्वाळा नाही, धूर नाही. सगळे म्हणाले, काहीच झालं नाही. पण हे स्पिरिट उन्हात पेटलं तर त्याची ज्वाळा दिसतच नाही, हे सरांनीच आम्हाला शिकवलेलं! मी बघतेय, तर पंखाच्या कागदाला तपकिरी कड आली, कडेचं भोक झालं, भोकाचं भगदाड झालं, माझ्या तोंडावर धग येतेय, आणि मी ओरडले... म्हणजे माझ्या मते ओरडले. बाहेर आलं ते एवढंच, "सर... सर..."

सरांनी मान वर न करता झटका दिला. "हो गं, थंडी आहे, दुसरं काही नाही!"

आणि इंजिन चालू झालं! असं कडकडीत, की पटांगणातली कुत्री पळाली! पंख्याच्या वाऱ्याने आग एका फुंकरीत विझली, आणि तेव्हा सगळ्यांना दिसलं... समोर इंजिन, मागे मी, आणि मध्ये नुसत्या काळ्या कामट्या. टाकीतलं तेल संपेपर्यंत ते तसंच किंचाळत राहिलं आणि गाव टाळ्या वाजवत राहिलं. कडूबा सर्वांना सांगत होता, "पाह्यलं? काकडा दावल्याबिगर इंजन आयकतच नाही!"

हेडमास्तर सरांजवळ आले आणि हळू म्हणाले, "उडण्याची अट होती, रमाकांतराव. चालू होण्याची नव्हती." बरोबरच होतं त्यांचं. शनिवारी माझं सूत वीतभर झालं आणि तुटलं.

गुलाबराव मात्र भलतेच खूश. "मास्तर, तुमच्या हाताले गुण हाये! आमच्या हिरीवरलं इंजन आठ दिवस झाले, कडूबालेबी दाद देऊन नाही राह्यलं. उद्या येता का?" सर गेले. चालू झालं. मग काय, त्या दिवसापासून थंडी पडली की पहाटे कोणी ना कोणी सरांच्या दारात बैलगाडी घेऊन उभा. सर स्वेटर चढवतात, निमूटपणे गाडीत बसतात. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

म्हणाले, "वाईट कशाचं? विहिरीवरच्या इंजिनाचं एक बरं असतं, शैलजा. ते उडावं, अशी कोणाची अपेक्षा नसते."