चांदणीची पावडर

आमच्या चांदणीचं ऐका. अणदूरला खंडोबाच्या पालखीपुढं नाचणारी ही घोडी म्हातारी झाली अन् तिचे गुडघे आखडले. डॉक्टरांनी सांध्यांची पावडर दिली. भरड्यात मिसळली, गुळात कालवली, तरी ती तोंड लावंना. शेवटी आबांनी पावडर खोबऱ्याला चोळली अन् "येळकोट येळकोट, जय मल्हार" म्हणत पुढं धरली. परसाद समजून तिनं सगळं खाल्लं. मग रोज तसंच सुरू झालं.

पुढं डॉक्टर बघायला आले. दारातनं खोबरं दाखवत "ये, ये" म्हणले. चांदणी जागची हलंना.

"फरक न्हाय वाटतं," डॉक्टर म्हणले.

आबा म्हणले, "आधी येळकोट म्हणा, साहेब."

डॉक्टर लाजत लाजत म्हणले. चांदणीनं कान टवकारले अन् सगळं अंगण ओलांडून आली, लंगडत न्हाय, नाचत.