सात नंबरची माती

मातीच ती, असं मी एकदाच म्हटलं, आणि तेव्हापासून घरात माझ्याशी कोणी धड बोलत नाही. तुम्हाला सांगतो, फ्रिज उघडावा तर कोथिंबिरीशेजारी माती, दह्याशेजारी माती, प्रत्येक पिशवीवर नंबर, तारीख… आमची भाग्यश्री एम.एस्सी. करते ना, मायक्रोबायोलॉजी, तिला हवाय फाज. म्हणजे जंतूंना खाणारा विषाणू. बशीत जंतूंची साय धरू द्यायची, तिच्यावर मातीचं पाणी सोडायचं, आणि त्या सायीला भोकं पडली की समजायचं, आला! बरं, माती गोळा करायला स्कूटरवर कोण? मी. चाळीस पिशव्या! सगळं कर्वेनगर विचारतं, "काय तात्याराव, प्लॉट घेताय वाटतं?" हो, पिशवीपिशवीनं घेतोय.

भोकं पडली ती एकट्या सात नंबरला. धायरीच्या हिंदुरावांच्या वावरातली माती. कॉलेजातले सर तिला म्हणाले, "आठ दिवसांत हेच परत करून दाखवा, नाहीतर तुमचं वर्ष गेलं."

आणि घटस्थापनेच्या सकाळी आमच्या मालनबाई म्हणतात, "अहो, मंडईतून घटाला काळी माती आणा." आता त्या दिवशी मंडईत गाडी लावायला जागा मिळते का, तुम्हीच सांगा. मी फ्रिज उघडला. वावरातली, काळीभोर… मातीच ती! अख्खी पिशवी दिली. हिनं पत्रावळीवर पसरली, गहू पेरले, मधे घट ठेवला, वर माळ सोडली. झालं.

संध्याकाळी भाग्यश्री, "बाबा, सात नंबर कुठंय?" मी नुसतं देवघराकडे बघितलं. रडली हो पोरगी. आणि मालनबाई पदर खोचून देवघराच्या दारात, "बसलेला घट हलणार नाही. नऊ दिवस कुणी बोट लावायचं नाही."

धायरीला पळालो. हिंदुराव खुर्ची टाकून बसलेले. "माती व्हय? ती गेली की ट्रकनं. आयटीवाल्यांसाठी टावर होतोय. मुरूम हाय, नेता का? अन् तोंड काय पाडताय, मातीच ती…"

माझंच वाक्य, मलाच!

तिसऱ्या दिवशी घट पाझरला. पत्रावळीखालून गढूळ ओघळ फरशीवर. मी फडकं घेऊन वाकतोय, तर पोरगी ओरडली, "बाबा, पुसू नका!" मालनबाईंनी लेकीकडे बघितलं, देवीकडे बघितलं, मग म्हणाल्या, "सांडलेलं घ्या. पण आंघोळ करून, सोवळ्यात." म्हणून रोज सकाळी मी सोवळं नेसून, हातात रबरी मोजे, ड्रॉपर घेऊन फरशीवर पालथा… आणि पडली भोकं! सरांनी भिंग लावून मोजली. पोरीचं वर्ष वाचलं. मालनबाईंनी सोसायटीभर सांगितलं, आमच्या घटाखाली फाज सापडला म्हणून.

तिथंच चुकलं. दसऱ्याला तुमच्याकडे लोक आपट्याची पानं घेऊन येतात ना? आमच्याकडे चौदा बिऱ्हाडांतून घटाखालचं पाणी आलं. कुणी औषधाच्या बाटलीत, कुणी हिंगाच्या डबीत. समोरच्या सोजरबाई तर हळूच म्हणतात, "तात्याराव, आमचं उपाशीपोटी काढलंय हो, नऊ दिवसांचा उपास होता. चालेल ना?"

चालेल म्हटलं. लेबल लावलं.