पप्पांनी नवीन काय आणलं?

सोनईच्या दवाखान्यात लसीच्या रांगेत केतकीने बाळाची टोपी तिसऱ्यांदा सारखी केली. कान मात्र पुढच्या म्हातारीकडे आणि तिच्या शेजारणीकडे. म्हातारीच्या पदराला पाच वर्षांची नात चिकटलेली.

"मावशी, तुमच्या बन्सीनं चोरलेली विहिरीची मोटर पोलिसांना घावली कशी?"

"चौघांनी घर उपसलं गं. पिठाचा डबा पालथा केला, माझ्या कवळीची डबी बी उघडली. म्हनलं, साहेब, त्यात दात हायेत, मोटर न्हाई."

"बाई पोलीस न्हवती?"

"हुती की! पोरीला भाईर न्यायचं सोडून माझं लोनचं हुंगत बसली."

"मग?"

"मग साहेबानं हिला मांडीवर घेतलं, चॉकलेट दिलं. म्हनला, बाळा, पप्पांनी नवीन काय आनलं? ही लई हुशार! हात धरून नेलं त्याला कडब्याच्या गंजीपाशी."

"अगं बया! लेकराला असं इचारत्यात व्हय?"

"मी म्हनलं की तोंडावर! बन्सीला उलटा टांगा, पन पोरीला इचारू नका. चोर त्यो हाय, ती न्हाई."

"साहेब काय म्हनला?"

"काय म्हनतोय! तवर बन्सी जीपमधी. जीप हालली तशी हिनं तोंडातलं चॉकलेट थुकलं. तवापास्नं कुनी काय इचारलं की मुकी बनती."

रांग सरकली. नर्सबाईंनी वही उघडली आणि हसून पोरीला विचारलं, "नाव काय गं तुझं?"

पोरीने आजीचा पदर ओढला.

"आज्जी, सांगू का?"