पोरीनं माह्याच बोलण्याचं गाणं केलं

नाई नाई, चहा मंग, आधी ऐकून घ्या! तीस वर्षं झाली तलावात जाळं फेकून राह्यलो, गावच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष हावो, मनसारामभाऊ म्हटलं का लोक बाजेवरून उठून उभे राह्यतात... त्या मनसारामले वडशाच्या कॉलेजात, भर ग्यादरिंगमध्ये, सोताच्या पोरीनं धुतलं! गाण्यानं धुतलं! माहं काय चुकलं, सांगा ना भाऊ!

आमच्यात रीतच हाय. जाळं माणसाच्या हाती, टोपलं बाईच्या डोक्यावर. आपण मासोळी काढाची, बाईनं आरमोरीच्या बाजारात इकाची. बाईनं जाळ्याले हात लावला का मासोळी रुसते म्हणतात... कोणत्या मासोळीनं सांगतलं, ते मले नका इचारू! अन् आमची डिंपल म्हणते, "बाबा, मले सोसायटीत मेंबर करा, मी बी जाळं फेकतो." मी म्हटलं, "जाळं फेकाले छाती लागते! तुह्या हातानं बेडूक बी नाई येणार! चूप बस अन् भात पाह्य!" रोज मी बोलू, रोज ती वहीत लिहे. मले वाटे अभ्यास करून राह्यली, बीएचं वर्ष हाय! मी आनखी जोरात बोलू. बापच हावो ना, माहं काय चुकलं?

मंग म्हणते, ग्यादरिंगमध्ये माहं गाणं हाय, या. मले वाटलं, स्वागतगीत असन. मी सारी सोसायटी ट्रॅक्टरमध्ये भरून नेली, पहिल्या लाइनीत बसवली. पडदा उघडला... अन् पोट्टी माहंच शर्ट, माहाच दुपट्टा, खांद्यावर माहंच जाळं! मांगून डब्बे धडाड धडाड! हिपहॉप म्हणे! ना सूर ना आलाप, नुसतं भांडल्यावानी बोलनं, अन् बोट सरळ माह्याकडं...

"जाळं फेकाले छाती लागते? बाबा, तुमची मोजू का?
बेडूक बी नाई येत म्हणता, मगर काढून दावू का?
जाळं बापाचं, टोपलं मायचं,
मासोळी म्हणते, मले काय त्याचं!"

बाप्पा रे! सोसायटीतला आमचा लालसू वरडला, "अध्यक्ष, हे तं तुमचंच बोलनं होय!" अन् माह्या बाजूले कोणतरी शिट्टी हाणली, दोन बोटं तोंडात घालून. पाह्यतो तं कोण? माही बायको, ताराबाई!

डोकं फिरलं ना माहं! उठलो अन् साऱ्याईसमोर बोलून बसलो, "उद्या सकाळी ये तलावावर! बाईच्या हातानं एक मासोळी निघाली, तं मेंबर करतो, अन् टोपलं मी घेऊन बसतो बाजारात!"

सकाळी सारं गाव तलावाच्या पाळीवर. डिंपलनं जाळं फेकलं... ओल्या गोधडीवानी धप्पकन पडलं. माणसं खो खो हासली. म्हटलं, जितलो! पण पोरीकडं पाह्यलं, तं डोळे भरून आले होते तिचे. खोटं कायले बोलू, वाटलं, येक तरी येऊ दे बापा, चिंगळी का होईना!

तेवढ्यात ताराबाईनं लुगडं खोचलं, पाण्यात उतरली, जाळं खांद्यावर घेतलं अन् अशी गिरकी मारली का जाळं परातीवानी गोल उघडलं! तीन रोहू! मी म्हटलं, "तुले कोणं शिकवलं वो?" म्हणते, "माह्या बापानं. त्याले पोरगा नोहता. तुम्ही कधी इचारलंच नाई." पंचवीस वर्षं संसार केला भाऊ! मंग तिनं डिंपलचा हात धरला, पाय कसा रोवाचा ते दावलं, अन् चौथ्या फेकीले पोरीच्या जाळ्यात ही येवढी मरळ! नाचली पोट्टी! मी बी नाचलो असतो, पण अध्यक्ष हावो ना.

झाल्या दोघी मेंबर. अन् मी आरमोरीच्या बाजारात, टोपलं घेऊन. बाया येतात, मासोळीचे गलफडे उघडून पाह्यतात अन् म्हणतात, "मनसारामभाऊ, ते छातीवालं म्हणा, मंग घेतो." म्हणतो मी! काय करता! इकरी बी बरी होते.

पण घरी पाह्यतो तं भात लागलेला. सवयीनं तोंड उघडलं, "काऊन वो, हा भात..." अन् चुलीपाशी डिंपलनं वही काढली, पेनाचं टोपण उघडलं अन् म्हणते, "बोला ना बाबा, पुढं?"

म्हटलं, काई नाई बाई. भात झकास झाला.