पत्राचं पान

नाही गं पोरी, तुझ्या दुकानात दुरुस्तीला नाही आलो, काच फुटलेली नाही, बॅटरीही ठणठणीत — हा टॅब माझ्यापेक्षा धडधाकट आहे — मला फक्त ते बोटाने सरकवायचं बंद करून दे आणि पान उलटायचं चालू कर. पुस्तकाला पान हवं. हसतेस काय? चौथी नापास असलो तरी चाळीस वर्षं पुस्तकं बांधलीत मी, आणि शेजारी बसून बायको छापील कागदांना घड्या घालायची. तिचा कान असा तयार, की मी दोन पानं एकदम उलटली तर आतल्या खोलीतून ओरडायची, "अहो, एक चिकटलंय!" आता तिला दिसत नाही. म्हणून मी वाचून दाखवतो. कागदाच्या पुस्तकात लबाडीची सोयच नव्हती. मग लेकीने हे दिलं — अक्षर हवं तेवढं मोठं, आणि बोट फिरवलं की सगळं सुळकन पुढे! आवाज नाही, काही नाही. मला काय, रान मोकळं! लांबलचक वर्णन आलं — सुळकन. जोडाक्षरांची गर्दी दिसली — सुळकन. आणि मधल्या जागेत आपल्या पदरचं घालायचं. कादंबरीतल्या त्या खडूस सासूला मी तीनदा जिन्यावरून पाडली! बायको पोट धरून हसायची.

तर परवा — त्यातला नवरा परगावी जातो, आणि मग पाच-सहा पानं नुसतं बंदर, बोटी, वारा. ते सगळं पळवलं आणि त्याच्याकडून बायकोला एक पत्र लिहवलं. म्हणजे बोललो मीच. गंमत म्हणून गं. "तुझे डोळे दुखायचे तेव्हा मी थट्टाच करत राहिलो, तुला नको तेवढं दिसतं म्हणालो, डॉक्टरकडे न्यायला वर्ष घालवलं..." असं काहीबाही. पुस्तकातल्या बाईचे डोळे चांगले शाबूत आहेत! तोंडातून निघून गेलं, झालं.

ती हसली नाही. मग म्हणाली, "ते पत्र पुन्हा वाचा. सावकाश." मी वर सरकवतोय, खाली सरकवतोय — असेल तर सापडेल ना! आणि परत बोलावं, तर जीभ उचलेना. म्हटलं, यात पानंच नाहीत, हरवलं बघ. तर म्हणते, "सापडेपर्यंत बसते मी." तीन दिवस झाले. पुढचं ऐकायलाच तयार नाही.

झालं? आवाजही येतो? ऐकव — हां. अगदी कागदासारखा. आता पहिल्यापासून वाचीन, एकेक पान, एक ओळ गाळणार नाही... पण मग पत्र येणारच नाही ना त्यात. — नको, तू नको शोधूस. तुला नाही सापडायचं.

काय? पाठ आहे का मला?

...दे इकडे तो टॅब. ती बसलीय तिकडे.