उसने बूट

बाबा गेल्यावर त्यांच्या कुबड्या परत करायला मी कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात रांगेत उभी होते. मागे दोन म्हातारे डॉक्टर मराठीत बोलत होते.

“गिरीश, फ्रान्सचा फाँतेन आठवतो? अठ्ठावन्नच्या वर्ल्ड कपला बूट फाटले, तर दुसऱ्याचे घालून तेरा गोल मारले.”

“अंबरीश, उद्या तुझी बायपास आहे. आज फुटबॉल कसला काढतोस?”

“त्यानं बूट परत केले. मी तुझे केले नाहीत. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूला घातलेले ते काळे बूट. तू पुढे कापूस कोंबून दिले होतेस.”

“मला वाटलं, आपल्या खोलीच्या लँडलेडीनं टाकले.”

“नोकरी लागली ती त्या बुटांत. थँक यू म्हणायचं राहिलं होतं.”

“आहेत अजून?”

“पॉलिश करून ठेवलेत.”

“मग बरा हो, आणि स्वतः आणून दे.”